माइकाविना अडतीसशे माणसांपुढे

नमस्कार श्रोतेहो. आपल्या ठाण्याला गाणं नवं नाही. संगीतभूषण पंडित राम मराठे इथलेच. त्यांच्या नावाचा महोत्सव महापालिका भरवते, आणि नाट्यपदाला ‘वन्स मोअर’ देणारे कान या शहरात अजून आहेत. त्या कानांसाठीच आज एका परदेशी गायकाबद्दल बोलायचं आहे. ब्रिन टर्फेल हे त्यांचं नाव. ऑपेरातले, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकातले, बास-बॅरिटोन. बास-बॅरिटोन म्हणजे खर्जाचं वजन असलेला, तरी वरच्या सुरांत मोकळा फिरणारा आवाज.

जन्म 1965 चा, उत्तर वेल्समधल्या पँट ग्लास नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. मायबोली वेल्श. लहानपणी गाणं घडलं ते तिथल्या गायनस्पर्धांमधून. रीतसर शिक्षण पुढे लंडनच्या गिल्डहॉल या संगीतविद्यालयात. 1989 साली वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला भरणाऱ्या जागतिक गायनस्पर्धेत मुख्य किताब सायबेरियाच्या दिमित्री ह्वोरोस्तोव्स्कींनी नेला, टर्फेल यांना गीतगायनाचं पारितोषिक मिळालं. त्या दोघांची चुरस जाणकार अजून आठवतात. मग 1992 मध्ये ऑस्ट्रियातला साल्झबर्गचा संगीतमहोत्सव, 1994 मध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरागृह. तिथे पदार्पण संगीतकार मोझार्टच्या ऑपेरातल्या फिगारो या नोकराच्या भूमिकेत.

मेट्रोपोलिटनमध्ये सुमारे 3800 आसनं आहेत, आणि ऑपेरात गायकापुढे माइक नसतो. जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरात तर रंगमंचासमोरच्या खड्ड्यात शंभराच्या आसपास वादक असतात. त्या गदारोळातून एकट्या माणसाचा गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो कसा? स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी हे उलगडून दाखवलं. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाताना तो ओसरत जातो. कसलेला पुरुष गायक स्वरयंत्र जरा खाली ठेवून, घसा मोकळा सोडून गातो, तेव्हा त्याच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या सुमारास एक खास झळाळी येते. तिथे वाद्यं दुबळी असतात, म्हणून आवाज त्यांच्यामधून सरळ निघून येतो. नुसतं ओरडून हे साधत नाही. ओरडणाऱ्याचा गळा पहिल्या अंकातच बसेल.

मला टर्फेल मोठे वाटतात ते मात्र त्यांनी धरलेल्या दमामुळे. वाग्नरचा देव व्होटान म्हणजे या आवाजाची सर्वांत अवघड परीक्षा. ‘वाल्क्यूर’ या एकाच नाटकात दुसऱ्या अंकात त्याचं वीसेक मिनिटांचं स्वगत आहे, बरंचसं दबक्या आवाजात, मुलीपाशी मन मोकळं करणारं. आणि रात्र सरत आली, गळा शिणला, की शेवटी त्याच मुलीचा निरोप घ्यायचा, तोही सगळ्या वाद्यवृंदावर मात करून. ऐन तिशीत जगभर नाव झालेलं असताना टर्फेल मोझार्ट गात राहिले, 1999 मध्ये नव्यानं उघडलेल्या लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात इटालियन संगीतकार व्हेर्दीचा फाल्स्टाफ झाले. व्होटान घेतला 2004 च्या अखेरीस, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आज आपल्याकडे मुलं दोन वर्षं शिकून वाहिन्यांच्या स्पर्धांत गळा ताणताना दिसतात, तेव्हा पालकांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, जरा थांबा, आवाज पिकू द्या.

इटालियन आणि जर्मन भाषांत कारकीर्द केलेला हा गायक 6 मे 2023 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकात गायला, तो मात्र वेल्शमध्ये. पॉल मीलर यांनी त्यासाठी खास रचना केली होती.

ऐकायचं असेल तर एकदम व्होटानपासून सुरुवात करू नका. आधी त्यांचा फिगारो ऐका. सैन्यात निघालेल्या पोराची तो थट्टा करतो ते पद घ्या, शक्यतो हेडफोन लावून. शब्द किती ठसठशीत पडतात ते बघा. मग निवांत एखाद्या रविवारी व्होटानचा निरोप लावा, आणि दाराबाहेर चपलांचा आवाज आला तरी उठू नका.