आग्र्याचा कोतवाल

(दृश्य : यमुनेच्या बाजूनं दिसणारा आग्र्याचा लाल किल्ला)

आग्र्याहून सुटकेची गोष्ट आपल्याकडे पेटाऱ्यांपासून सुरू होते आणि पेटाऱ्यांपाशीच संपते. पण पेटाऱ्यांची वेळ आली ती अगदी शेवटी. त्याआधी तीन महिने आग्र्यात एक सामना चालू होता. एका बाजूला बादशहाच्या बोलावण्यावरून, जिवाची हमी घेऊन आलेले शिवाजी महाराज. दुसऱ्या बाजूला शहराचा कोतवाल, सिद्दी फुलादखान. आणि या दोघांच्या मध्ये उभा असलेला एक तरुण राजपूत, कुंवर रामसिंग.

ही हमी दिली होती रामसिंगाच्या वडिलांनी, मिर्झाराजे जयसिंगांनी. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले. त्यानंतर मिर्झाराजांच्या शब्दावर महाराज उत्तरेला निघाले. बरोबर नऊ वर्षांचे शंभूराजे आणि जेमतेम अडीचशे माणसं. आग्र्यात पाहुण्यांची जबाबदारी रामसिंगाकडे होती.

(दृश्य : जुन्या राजस्थानी पत्रांचे कागद)

त्या दिवसांची रोजची हालहवाल आज आपल्यापुढे आहे, ती आंबेरच्या, म्हणजे रामसिंगाच्या घराण्याच्या राजधानीतल्या, चाकरांमुळे. परकालदास नावाचा कारकून आग्र्याहून आंबेरच्या दिवाणाला, कल्याणदासाला, पत्रं लिहीत होता. ही पत्रं जयपूर दरबारच्या दप्तरात जपली गेली. महाराज कसे दिसतात, हेही त्यानं लिहिलंय : अंगानं सडपातळ, बुटके, विलक्षण गोरे, दाढी राखलेली, आणि कोण आहेत हे न विचारताही हा माणूस राजा आहे असं मनात येतं. पुढे निशाणाचा हत्ती, पालखीला चांदीचा पत्रा. बखरी नंतर लिहिल्या गेल्या. हा माणूस डोळ्यांसमोरचं लिहीत होता. म्हणून आग्र्यासाठी मी आधी त्याच्याकडे वळतो.

१२ मे १६६६. औरंगजेबाचा चांद्र वर्षाप्रमाणे पन्नासावा वाढदिवस. महाराजांना दरबारात पंचहजारी मनसबदारांच्या, म्हणजे पाच हजारांच्या दर्जाच्या सरदारांच्या, रांगेत उभं केलं गेलं. पुढे जोधपूरचा जसवंतसिंग. महाराज संतापले : ज्याच्या फौजेची पाठ माझ्या माणसांनी पाहिली, त्याच्या मागे मी उभा राहू? ते भर दरबारात पाठ फिरवून बाजूला जाऊन बसले. खिलत, म्हणजे बादशहाचा मानाचा पोशाख, घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

मग दरबारातली जुनी दुखणी वर आली. सुरतेच्या बंदराचं उत्पन्न बादशहाच्या बहिणीचं, जहाँआराचं. सुरत लुटली गेली होती. वजीर जाफरखान हा शाहिस्तेखानाचा मेहुणा. लाल महालात तुटलेल्या बोटांचा सल त्या घरात होताच. जसवंतसिंगही त्यांच्या बाजूला. या सगळ्यांनी बादशहाचे कान भरले आणि हुकूम सुटला : शिवाजीला किल्लेदार रादअंदाजखानाच्या हवेलीत न्या. हुकूम बजावायचा होता फुलादखानानं.

हे कळताच रामसिंग मीर बक्षी, म्हणजे लष्करी कारभाराचा प्रमुख, महंमद अमीनखान याच्याकडे गेला. त्याचं म्हणणं असं : शिवाजी माझ्या वडिलांच्या शब्दावर आला आहे. आधी मला मारा, मग त्याचं काय करायचं ते करा. बादशहानं उलट विचारलं, मग जामीन राहतोस का? शिवाजी पळाला किंवा त्यानं काही आगळीक केली, तर जबाब तू द्यायचा. रामसिंग तयार झाला. त्या रात्री महाराज त्याच्या तंबूत आले, महादेवाची पूजा केली आणि दगा देणार नाही असं पिंडीसमोर त्याला वचन दिलं. दुसऱ्या दिवशी जामीनपत्र पोहोचलं.

आपल्या इतिहासात रामसिंगाला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. महाराज आग्र्यात जिवंत राहिले, त्यात या माणसाच्या सहीचा वाटा फार मोठा आहे.

(दृश्य : रात्रीचा तळ, मशाली)

बादशहाचं समाधान मात्र झालं नाही. मे महिना संपायच्या आत फुलादखानाचे शिपाई महाराजांच्या मुक्कामाभोवती येऊन बसले, तोफा लागल्या. आता दोन कडी झाली. बाहेर कोतवालाचं, आत रामसिंगाच्या कछवाहा राजपुतांचं. आतल्या माणसांचा पहारा थेट महाराजांच्या पलंगाभोवती असे. बाहेरचा पहारा महाराज पळू नयेत म्हणून होता. आतला त्यासाठी तर होताच, शिवाय रात्री-अपरात्री कोतवालाची माणसं घात करायला आत घुसू नयेत म्हणूनही होता. बादशहाच्याच दोन चाकरांचे पहारे असे एकमेकांकडे संशयानं पाहत होते.

फुलादखानाची अडचणही समजून घ्यायला हवी. कैदी म्हणावं तर हातात बेडी नाही. पाहुणा म्हणावं तर दारात तोफ. बादशहाचा विचार दर आठवड्याला बदलत होता : आज काबूलच्या मोहिमेवर पाठवायचं, उद्या थांबवायचं, परवा दख्खनमधून मिर्झाराजांचं उत्तर येईपर्यंत वाट पाहायची. मिर्झाराजे तिकडे विजापूरच्या मोहिमेत अडकलेले. शिवाजीला मारलं तर दख्खनमध्ये आग लागेल आणि सोडलं तरी लागेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महाराजांनी काय केलं? त्यांनी अर्ज करायला सुरुवात केली. सगळे किल्ले परत द्या, दोन कोटी देतो. नामंजूर. मग, संन्यास घेतो, काशीला जाऊ द्या. त्यावर बादशहाचं उत्तर परकालदासाच्या पत्रांत आहे : फकीर व्हायचंय तर व्हावं, पण प्रयागच्या किल्ल्यात राहावं, तिथला सुभेदार बहादूरखान नीट सांभाळेल. मग अर्ज आला, माझी माणसं दक्षिणेत परत पाठवतो, त्यांना दस्तक, म्हणजे प्रवासाचा परवाना, द्या. हा मात्र लगेच मंजूर झाला. फुलादखानाच्या हिशेबात ही चांगलीच बातमी होती : आत जितकी माणसं कमी, तितका पहारा सोपा. महाराजांच्या हिशेबातही ती चांगलीच होती. मागे राहून मारली जातील अशी माणसं कमी झाली.

याच दिवसांत त्यांनी रामसिंगाकडून सहासष्ट हजार रुपये घेतले आणि दख्खनमध्ये फेडायची सोय करून दिली. कवींद्र परमानंदांना हत्ती, हत्तीण, घोडा आणि रोकड देऊन वाटेला लावलं. दान म्हणून हत्तीही सीमेबाहेर निघाले, आणि कोतवालाला हरकत घ्यायला जागा उरली नाही.

आणखी एक गोष्ट महाराजांनी केली. ते रामसिंगाला सांगत राहिले : तुझा जामीन मागे घे. बादशहाला माझं काय करायचं ते करू दे. पिंडीसमोर दिलेलं वचन होतं ते. माझ्या मते त्या उन्हाळ्यात महाराजांना सगळ्यात जड गेली असेल तर हीच गाठ.

मग आजारपण आलं. साधू, ब्राह्मण, फकीर, अमीर-उमराव यांना मिठाई जाऊ लागली, कावडीला बांधलेल्या पेटाऱ्यांतून. बखरी सांगतात की सुरुवातीला पेटारे उघडून पाहिले जात, मग पहारेकरी कंटाळले.

१८ ऑगस्टची सकाळ. चार घटका दिवस वर आला आणि फुलादखानाला कळलं की आत कुणी नाही. पलंगावर हिरोजी फर्जंद झोपल्याची हकीकत बखरींतली. आंबेरच्या पत्रांत दिसतो तो गोंधळ : कुणाच्या चौकीवरून गेला, कोणत्या प्रहरी गेला, कुणालाच सांगता येईना. बरीच चर्चा झाल्यावर अंदाज निघाला की पेटाऱ्यांची ये-जा होती, त्यातूनच गेला असावा. सभासद बखरीतला फुलादखान बादशहाला सांगतो की राजा बघता बघता गैब झाला, आभाळात गेला की जमिनीत शिरला, कळत नाही. वाचताना आपण हसतो. पण औरंगजेबासमोर हे सांगायला उभं राहायचं, म्हणजे काय झालं असेल त्या माणसाचं!

शिक्षा झाली रामसिंगाला. मनसब गेली, दरबार बंद झाला. महाराजांचे वकील रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर फुलादखानाच्या हाती लागले. बोलाचालीसाठी आलेल्या या दोघांचे अतोनात हाल झाले. १६६७ मध्ये ते सुटले. या दोन नावांवर एखादा धडा असायला हवा होता.

(दृश्य : दिल्ली, जुन्या हवेलीची भिंत)

कोतवाल मात्र कोतवालच राहिला. दरबारात महाराजांच्या पुढच्या रांगेत उभा असलेला जसवंतसिंग १६७८ मध्ये जमरूदला वारला. त्याच्यामागे जन्मलेला मुलगा अजितसिंग आणि राण्या दिल्लीत होत्या. जुलै १६७९ मध्ये औरंगजेबानं त्यांना ताब्यात घ्यायला फौज धाडली, तीही फुलादखानाबरोबर. जसवंतसिंगाचे राठोड सरदार तलवारी उपसून वेढ्यातून बाहेर पडले. कित्येक जण कापले गेले, पण मूल मारवाडात पोहोचलं. त्यांच्यात होता दुर्गादास राठोड. पुढे बंडखोर शहजादा अकबराला घेऊन हाच दुर्गादास १६८१ मध्ये सह्याद्रीत आला. त्यांना आसरा दिला छत्रपती संभाजी महाराजांनी, पालीजवळ.