लेरॉय कार : हळू आवाजातला ब्लूज

श्रोतेहो, नमस्कार. लेरॉय कार हा अमेरिकन ब्लूज गायक आणि पियानोवादक. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, बहुतेकदा दुःख सांगणारं गाणं. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून आजची ही दहा मिनिटं मी त्याच्यासाठी मागून घेतली आहेत.

टेनेसीतल्या नॅशव्हिलचा जन्म, पण तो वाढला इंडियानापोलिसमध्ये. पियानो स्वतःच ऐकून ऐकून शिकला. काही काळ सर्कशीबरोबर हिंडला, सैन्यातही होता आणि दारूबंदीच्या दिवसांत चोरटी दारूही विकली. मग त्याची गाठ पडली गिटारवादक स्क्रॅपर ब्लॅकवेलशी. जून १९२८ मध्ये दोघांनी व्होकॅलियन या रेकॉर्ड कंपनीसाठी 'हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं आणि ते तुफान चाललं.

गोष्ट साधीच : संध्याकाळच्या गाडीनं प्रिया निघून गेली आहे आणि तो विचारतोय, अजून किती काळ? ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा; बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा भाग. इथे आठ बारमध्येच कडवं संपतं, आणि तोच प्रश्न पुन्हा समोर येतो. पण मला खरी किंमत वाटते ती त्या आवाजाची. तोवर तंबूत, गर्दीच्या सभागृहात गाणाऱ्यांना आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकावाच लागे. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात विजेवर चालणारा मायक्रोफोन आला आणि हळू गायलेलंही तबकडीवर उमटू लागलं. ही सोय ब्लूजमध्ये कारइतकी कुणी ओळखली असेल, असं मला वाटत नाही. तो शेजारी बसून बोलल्यासारखा गातो. दुःख सांगतो, पण त्यासाठी गळा काढत नाही.

पुढे नामवंत ब्लूज गायक झालेल्या मडी वॉटर्सनं सगळ्यांत आधी शिकलेलं गाणं हे 'हाउ लाँग'च. जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख काउंट बेसी यानंही ते वाजवलं. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांतही कारच्या खुणा स्पष्ट ऐकू येतात.

दारूनं मात्र त्याला सोडलं नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यानं अखेरचं ध्वनिमुद्रण केलं. त्यात स्वतःच्या दफनाबद्दलचं एक गाणं आहे, ते ऐकताना माझा जीव आजही कासावीस होतो. दोनच महिन्यांनी, २९ एप्रिलला, मूत्रपिंडाच्या विकारानं तो गेला. वय जेमतेम तिशीचं. ब्लॅकवेल पुढे बरीच वर्षं संगीतापासून दूर, डांबराच्या कारखान्यात काम करत राहिला.

आता ऐकू या १९३४ चं 'ब्लूज बिफोर सनराइज'. पियानो खालून संथ चालत राहतो. प्रत्येक ओळ संपली की ब्लॅकवेलची गिटार काय उत्तर देते, तिकडे कान असू द्या.