गाडी बांधायची ती तिच्या स्प्रिंगवर

मंडळी, पुढच्या महिन्यात आपल्यापैकी बरेच जण बाईक घेऊन भावनगर-दीवला निघालेत, आणि जाताना बोटीने जायचं ठरलंय. आपल्या बडोद्याला खरं तर दहेज बंदर जवळ. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये दहेजहून भावनगरजवळच्या घोघ्याला फेरी सुरू झाली तेव्हा किती आनंद झाला होता आपल्याला! पण दहेजच्या बाजूला गाळ साचला, बोटीला पुरेसं खोल पाणी मिळेना. नोव्हेंबर २०२०पासून फेरी सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला जाते. रस्त्याने ३७० किलोमीटर पडतं, समुद्रातून ९०. त्या चारेक तासांत तुम्ही वर, गाडी खाली डेकवर एकटी.

कोकणात एका छोट्या फेरीबोटीवर माझी बुलेट पडली होती. दोरी सैल होती म्हणाल, तर नाही. मीच कचकचून ओढली होती. पलीकडे पोचल्यावर पाहतो तर गाडी उजव्या कुशीवर, टाकीला पोचा, ब्रेकचा लिव्हर तुटलेला. दोरी शाबूत, गाठही शाबूत. फक्त हूक डेकच्या कडीत नव्हता, बाजूला पडला होता. ते कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही.

उत्तर शॉकॲब्सॉर्बरमध्ये होतं. गाडी उभी असते स्प्रिंगवर. लाटेवर बोट खाली-वर झाली की स्प्रिंग दबते, गाडी दोन बोटं खाली बसते आणि तेवढीच दोरी ढिली पडते. ढिल्या दोरीचा हूक कडीतून सहज निसटतो. म्हणून पट्टा ओढायचा तो पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या स्प्रिंगच्या दोन नळ्या, साधारण अर्धा दबेपर्यंत. मग गाडी आणखी थोडी दबली तरी स्प्रिंग पट्ट्याला ताणूनच धरते. पण पार तळाला टेकवू नका. स्प्रिंगला हालचाल उरत नाही आणि फोर्कच्या सीलवर उगाच ताण येतो. पट्टे रॅचेटचे (दात्यांच्या कळीने आवळायचे), पॉलिस्टरचे घ्या. नायलॉनची दोरी ताणते, भिजली की आणखी.

आता बाजूचा हिशेब. क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो. बोट १५ अंश कलली तर त्यातले सुमारे ५० किलो आडवे ढकलायला लागतात. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकलेली असते, त्यामुळे बोट डावीकडे कलली तर स्टँड आहे. उजवीकडे कलली तर गाडीला धरायला काहीच नाही. माझी बुलेट उजवीकडेच का पडली, ते इथे कळतं. म्हणून आधी डावीकडचा पट्टा ओढून गाडी स्टँडवर नीट बसवायची, मग उजवीकडचा ओढून फोर्क दाबायचा. पुढचे दोन पट्टे फोर्कच्या दोन्ही नळ्यांना धरणाऱ्या खालच्या आडव्या तुकड्याला, म्हणजे टीला, कापडी फास घालून, तिरके पुढे. मागचे दोन फ्रेमला, तिरके मागे. सायलेन्सरला किंवा हँडलच्या टोकाला अजिबात नाही. सीटवरून पट्टा घेणार असाल तर खाली जुनं धोतर किंवा जाड टॉवेल घाला.

गाडी बोटीच्या लांबीत लावा, पहिल्या गिअरमध्ये. गाडी पुढे सरकली तर साइड स्टँड मागे दुमडतो, गिअर ते होऊ देत नाही. पुढचा ब्रेक दाबून लिव्हरला ट्यूबचा रबर गुंडाळा. जुन्या गाड्यांचा पेट्रोल कॉक बंद. अलार्म असेल तर तोही बंद. बोटीच्या थरथरीने तो तासन् तास वाजत राहतो.

डेकवर जपून चढा. पत्रा ओला असतो, त्यावर डिझेल सांडलेलं असतं, आणि खंबायतच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे चढ-उतारही वेळेप्रमाणे बदलतो. खलाशी बांधून देतात, मनापासून देतात; पण त्यांना ट्रकही बघायचे असतात. वर जाण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर एकदा हात फिरवा. ताणलेला पट्टा बोटाने छेडला की तंबोऱ्याच्या तारेसारखा आवाज देतो.

घोघ्याला सोडताना घाई करू नका. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने उजवीकडचे पट्टे आधी सोडायचे. डावीकडचे आधी सोडलेत, तर उजवीकडचा ताण गाडीला स्टँडवरून उचलतो आणि चार तास समुद्रात सांभाळलेली गाडी धक्क्यावर पडते.