रगत नेता, मंग सांगाले कोनी येत नाई

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, आणि रानात मेंढरांमागं फिरता फिरता खिशातल्या मोबाइलवर हा कार्यक्रम ऐकणाऱ्या मेंढपाळ मित्रांनो, नमस्कार.

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातली गोष्ट. मी पशुवैद्य म्हणून नोकरीत होतो तेव्हाची. मेंढ्यांच्या एका वाड्यावर रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. मेंढीची मान वर धरायची, लोकर बाजूला सारायची, अंगठ्यानं शीर दाबायची, ती फुगली की सुई. लाल झाकणाच्या नळीत पाचेक मिलिलिटर रक्त. दहाबारा मेंढ्या झाल्या तशी वाड्याची मालकीण, साठीची बाई, काठी टेकवून समोर उभी राहिली. म्हणाली, "सुई तं टोचता जी, पण औषध कुठी हाय तिच्यात? मांगच्या साली बी रगत नेलं. रगत नेता, मंग सांगाले कोनी येत नाई."

मी काहीतरी पुटपुटलो. बाई खरं बोलत होती.

त्या बाईला तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगतो.

त्या सुईत औषध नसतं. त्या रक्तात आम्ही अँटिबॉडी शोधतो. पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात. जनावराच्या अंगात विषाणू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला जे खास पदार्थ तयार करतं, ते हे. विषाणू बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातो, पण प्रतिपिंडं महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात.

उमरेड-भिवापूरकडच्या लोकांना हे लवकर समजेल. नाल्याच्या ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला दिसला की तुम्ही काय म्हणता? वाघ इथून गेला. तो आत्ता समोरच्या झुडपात बसलाय असं त्या पंजावरून सांगता येत नाही. अँटिबॉडी म्हणजे तो पंजा. वाघच बघायचा असेल तर तपासणी वेगळी. त्यासाठी तोंडातली लाळ, फोडाची साल, नाकाचा स्राव घ्यावा लागतो आणि त्यात विषाणूचा अंश शोधावा लागतो. आजारी जनावर समोर उभं असताना पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी केली तर बऱ्याचदा काहीच सापडत नाही, कारण पंजा उमटायलाच साधारण आठवडाभर लागतो. म्हणून आम्ही एकदा आजारपणात आणि पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी असं दोनदा रक्त घेतो. दुसऱ्या नमुन्यात अँटिबॉडी चौपट किंवा त्याहून जास्त वाढलेली दिसली की मग छातीठोकपणे सांगता येतं, रोग हाच होता.

तपासणीचं नाव एलायझा. 1971 साली स्वीडनमध्ये ती पहिल्यांदा मांडली गेली. प्लास्टिकची एक ताटली असते, तिला 96 छोटे खड्डे. खड्ड्याच्या तळाला विषाणूचा निरुपद्रवी भाग चिकटवलेला असतो. त्यावर तुमच्या जनावराचं रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटतं ते पिवळसर पाणी, टाकायचं. अँटिबॉडी असेल तर ती तळाला घट्ट धरते, नसेल तर धुताना वाहून जाते. मग रंग आणणारं द्रावण टाकतात. काही प्रकारच्या एलायझात रंग आला म्हणजे अँटिबॉडी आहे, काहींत बरोबर उलटं. एका ताटलीत एका वेळी अख्ख्या वाड्याचा हिशेब होतो, आणि हीच या तपासणीची खरी ताकद आहे. ती एकट्या गाईसाठी फारशी नसतेच, कळपासाठी असते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "साहेब, लस टोचली तरी अँटिबॉडी येते, रोग होऊन गेला तरी येते. मग तुम्हाला कळतं कसं?"

लाळ-खुरकुताच्या बाबतीत कळतं, आणि ते कसं कळतं ही मला आजही मोठी मजेची गोष्ट वाटते. लशीतला विषाणू मेलेला असतो. लस बनवताना तो शुद्ध करून घेतात, त्यामुळं लशीत जातं ते मुख्यतः त्याचं बाहेरचं कवच. जिवंत विषाणूचं तसं नाही. तो अंगात शिरला की संसार थाटतो, स्वतःच्या लाखो नकला काढतो, आणि त्या कामासाठी त्याला काही अवजारं लागतात. ही अवजारं म्हणजे कवचापेक्षा वेगळी प्रथिनं. जनावराचं शरीर कवचाविरुद्धही अँटिबॉडी करतं आणि अवजारांविरुद्धही. म्हणजे रक्तात फक्त कवचाविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर लस लागू पडली. अवजारांविरुद्धची सापडली तर विषाणू त्या अंगात नांदून गेला. मालकाच्या लक्षात आलं असो वा नसो. अंगात ताकद असली तर देशी गाय किंवा बैल दोन दिवस जरा चारा कमी खातो, लाळ गाळतो आणि उभा राहतो. आपण म्हणतो ऊन लागलं असेल.

लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाला. त्यात काही जनावरांचं रक्त लस देण्याआधी घेतात आणि पुन्हा 28 दिवसांनी. ती दुसरी सुई म्हणजे लशीची परीक्षा असते, तुमच्या गाईची नव्हे. लस थंड ठेवण्याची साखळी कुठं तुटली, लस उन्हात राहिली का, टोचणी नीट झाली का, हे त्या रक्तावरून उघड होतं. म्हणून लस देऊन महिन्यानं कोणी रक्त मागायला आलं तर "आत्ताच तर टोचलं होतं" म्हणून त्याला परत पाठवू नका.

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगात मात्र ही सोय नाही. तिथं आपण वापरतो ती लस जिवंत, कमजोर केलेल्या विषाणूची. फार चांगली लस आहे, एकदा दिली की तीन वर्षं तरी काळजी नाही. पण लशीची अँटिबॉडी आणि रोगाची अँटिबॉडी, दोन्ही दिसायला सारख्याच. तिथं प्रयोगशाळा तुम्हालाच विचारणार, लस कधी दिली होती? आणि बहुतेक वाड्यांवर याचं उत्तर "दिली असंन" एवढंच असतं. कानातला 12 आकडी बिल्ला आणि त्यासोबतची नोंद इथं कामाला येते. बिल्ला फक्त अनुदानासाठी असतो असं समजून कापून टाकणारे लोक मी पाहिलेत, तेही कात्रीनं, कानासकट.

लम्पीची, म्हणजे गाईंच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, तर आणखी वेगळी तऱ्हा. 2022 साली लम्पीनं आपल्याला हैराण केलं तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली, कारण लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे तिन्ही विषाणू सख्खे भाऊ आहेत. इतके सख्खे की नेहमीची अँटिबॉडी तपासणी त्यांच्यात फरक करू शकत नाही. शिवाय या रोगाशी शरीर जास्त करून पेशींच्या बळावर लढतं. म्हणून रक्तात अँटिबॉडी कमी दिसली तरी लस वाया गेली असं समजू नका.

आता जरा खरवसाकडे वळतो. हसू नका, विषय तोच आहे.

माणसाच्या बाळाला आईच्या अँटिबॉडी पोटात असतानाच मिळतात. गाय, म्हैस, मेंढी यांच्या वारेतून त्या पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची एकही अँटिबॉडी नसते. त्या सगळ्या असतात चिकात. आणि वासराच्या आतड्याची दारं त्या अँटिबॉडीसाठी जेमतेम 24 तास उघडी असतात. पहिल्या सहा तासांत जितकं जातं तितकं नंतर जात नाही. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक त्याला हवा. 25 किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर, आणि तोही लवकर. आपण काय करतो? पहिल्या धारेचा चीक शेजारीपाजारी, पाहुण्यांकडे, मुलीच्या सासरी डबा. खरवस मलाही आवडतो, विलायची घातलेला तर फारच. पण वासराचं पोट भरल्यावर उरला तर.

तपासणीच्या बाजूनं याचा अर्थ असा की चार-सहा महिन्यांच्या आतलं वासरू "पॉझिटिव्ह" आलं, तर ती अँटिबॉडी त्याची स्वतःची नसून आईकडून उसनी आलेली असू शकते. फार लहान वयात लस का देत नाहीत, तेही यातच आलं. उसनी अँटिबॉडी लशीला काम करू देत नाही.

आणि एक वासरू असंही असतं की ज्याच्या रक्तात अँटिबॉडी अजिबात नाही, आणि तेच अख्ख्या कोठ्यातलं सर्वांत धोक्याचं. बीव्हीडी नावाचा गाईंचा एक विषाणू आहे. गाय गाभण असताना, पहिल्या चारेक महिन्यांत तो गर्भात शिरला तर गर्भाला शत्रू कोण आणि आपलं कोण हे अजून कळत नसतं. तो विषाणूला आपलाच समजून बसतो. असं वासरू जन्मलं तर आयुष्यभर विषाणू सांडत राहतं, कोठ्यातल्या बाकी गाईंना लागण करतं, त्या गाभडतात किंवा पुन्हा पुन्हा उलटतात, म्हणजे गाभण राहत नाहीत. त्याची अँटिबॉडी तपासा, निगेटिव्ह. मालक खूश. अशा वेळी कळपातल्या बाकी जनावरांत भराभर अँटिबॉडी आणि एकात काहीच नाही, हे चित्र बघूनच पशुवैद्याला शंका यायला हवी. मग त्या एकट्याचा विषाणू शोधावा लागतो.

आयबीआर या गाई-म्हशींच्या श्वासमार्गाच्या रोगात तर वाघाच्या पंजाचा माझा दाखलाच चालत नाही. तो विषाणू नागिणीच्या कुळातला. एकदा आला की मज्जातंतूंच्या गाठीत लपून राहतो, आणि जनावरावर ताण आला की पुन्हा बाहेर पडतो. लस न दिलेल्या जनावरात त्याची अँटिबॉडी सापडली तर वाघ अजून गुहेतच आहे असं धरायचं. गोठित वीर्य तयार करणाऱ्या केंद्रांवर वळूंची ही तपासणी होते, ती म्हणूनच.

एकट्या जनावराच्या अहवालाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. कोणतीही तपासणी शंभर टक्के खरी नसते. समजा, 1000 जनावरांत खरोखर लागण झालेली 10 आहेत, आणि तपासणी 100 निरोगी जनावरांमागे 2 जणांना चुकून दोषी ठरवते. मग 990 निरोगींमधली 20 चुकून पॉझिटिव्ह येणार आणि खरी 10. तीस कागद हातात, त्यातले वीस खोटे. म्हणून रोग विरळ असेल तेव्हा एका कागदावर विसंबून गाय बाजारात नेऊ नका. दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा तपासून घ्या. तशी नेलेली एक चांगली दुभती गवळाऊ मी पाहिली आहे, आणि ती घेणाऱ्याचं भलं झालं.

पण हीच तपासणी पूर्ण देशावर पसरली की काय करू शकते, ते बुळकांडी या गाई-म्हशींच्या जीवघेण्या साथीनं दाखवलं. आजच्या तरुण पोरांना बुळकांडी माहीत नाही, त्यांच्या आज्याला विचारा. गावंच्या गावं जनावरांविना व्हायची. भारतात शेवटचा रोगी 1995 साली सापडला. त्यानंतर एक अवघड प्रश्न उभा राहिला. रोग नाही, हे सिद्ध कसं करायचं? आजारी जनावर दिसत नाही म्हणजे रोग नाही, हे जगात कोणी मानत नाही. म्हणून आधी लस थांबवली. मग लस थांबल्यावर जन्मलेल्या जनावरांचं रक्त गावोगावी घेतलं. त्यांच्या अंगात लशीची अँटिबॉडी असणं शक्य नव्हतं, म्हणजे सापडलीच तर ती रोगाचीच असणार. पंजाच उमटलेला नाही, तर वाघ आलाच नाही. 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 साली सगळं जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा विषाणूजन्य रोग. आता 2030 पर्यंत पीपीआरलाही त्याच वाटेनं पाठवायचं ठरलंय, आणि तेव्हा पुन्हा तुमच्या कोकरांच्या मानेला सुई लागेल.

ती सुई लागेल तेव्हा दोन गोष्टी बघा. नमुना घेतल्यावर नळी हलवायची नाही. तासभर सावलीत तिरपी ठेवायची, रक्त गोठू द्यायचं, मग बर्फाच्या डब्यात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दुपारी मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेलं रक्त प्रयोगशाळेत पोचेपर्यंत लालभडक पाणी झालेलं असतं, त्याचा उपयोग नाही. आणि रक्तासकट नळी फ्रीजरमध्येही टाकायची नाही, तांबड्या पेशी फुटतात. आणि नमुना घेणाऱ्याला विचारा, अहवाल कधी आणि कोणाकडून मिळेल. त्याचं नाव लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

कुहीच्या त्या वाड्यावर मी पुन्हा गेलो. उशिरानं, पण गेलो. वीस नमुन्यांतले तेरा पीपीआरच्या अँटिबॉडीसाठी पॉझिटिव्ह होते, आणि त्या वाड्यावर लस कधीच दिली गेलेली नव्हती. मी बाईला कागद दाखवला, समजावून सांगितलं. रोग तुमच्या मेंढ्यांतून जाऊन गेलाय, ज्या वाचल्या त्या आता पक्क्या, नवीन कोकरांना लस देऊ. ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. वाचता येत नव्हतं तिला.

मग म्हणाली, "मंग हिवाळ्यात सात कोकरं गेली, ते याच्यानंच का? मी तं म्हनलं, माह्या सुनंनं ओला चारा टाकला म्हनून. लय बोलली जी मी तिले."