तेल पडद्यापर्यंतच पोचतं

(दृश्य : लालबागच्या चाळीतलं स्वयंपाकघर)

कढल्यात तिळाचं तेल, त्यात ठेचलेली लसूण. कान ठणकला की या घरात आधी हेच होतं. आज ते शेजारच्या काकींसाठी तापतंय. कूस बदलली की त्यांना घर फिरल्यासारखं वाटतं.

आयुर्वेदात कोमट तेल कानात भरण्याला कर्णपूरण म्हणतात. तेलाने कडक मळ मऊ होतो, हे खरंच. पण कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर एक थेंबही टाकू नये. म्हणून आधी कानात कोणीतरी जाणत्याने बघायला हवं.

काकींची चक्कर मात्र पडद्याच्या पलीकडची आहे.

(दृश्य : कानाची प्रतिकृती)

या तीन अर्धगोल नळ्या, आत द्रव. शेजारच्या पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे कण निसटून नळीत शिरले की मान हलताच तेही सरकतात, आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. अशा कितीतरी जणांच्या गळ्यात ‘मणके झिजलेत’ म्हणून पट्टा येतो!

(दृश्य : परळ, कान-नाक-घसा ओपीडी)

डॉक्टरांनी काकींची मान उजवीकडे ४५ अंश वळवली, आणि झटकन आडवं केलं. डोकं खाटेच्या कडेखाली. आता फक्त डोळे बघा. काही सेकंद काहीच नाही. मग बुबुळं थरथरत गोल फिरू लागतात, म्हणजे कण नळीत सरकतायत. डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी १९५२ साली मांडलेली ही तपासणी. यंत्र लागत नाही.

आता उपचार. बुबुळं थांबेपर्यंत डॉक्टर मान तशीच धरून ठेवतात. मग मान हळूहळू डावीकडे. पुन्हा थांबायचं. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी, आधार देत, उठून बसायचं. कण नळीतून घरंगळत मूळ पिशवीत परत जातात. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांची ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली. काही मिनिटांचं काम, तेही गोळीशिवाय.

सुंठेने मळमळ शमते, सिनॅरिझिनसारख्या गोळीने गरगरणं दबतं. कण जागेवर नेणं दोन्हींना जमत नाही.

चक्करेसोबत जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले, तर थेट रुग्णालयात.

कण पुन्हा सुटू शकतात. तेव्हा केसपेपर काढताना स्पष्ट सांगा : कूस बदलली की चक्कर येते, आडवं करून डोळे तपासा.