स्लॅबवरचा अँटेना आणि काकीची मिठाची बरणी

(पडद्यावर: देवगडच्या बाजूचं चिऱ्याचं घर, वर स्लॅब, मे महिन्यातली दुपार. लांबून समुद्राचा आवाज.)

हा आमच्या घराचा स्लॅब. इकडे काकीचे फणसाचे पापड वाळतायत, तिकडे आंब्याची साठं, आणि कोपऱ्यात पाइपावर जी पांढरी, उपड्या वाडग्यासारखी वस्तू दिसतेय ना, तो जीपीएसचा अँटेना. भाच्याचा एमएस्सीचा प्रोजेक्ट. पहिल्याच दिवशी त्याने काकीला ॲल्युमिनियमच्या पराती लांब ठेवायला सांगितल्या, कारण धातूवर आपटून आलेला सिग्नल हिशोब बिघडवतो. काकी म्हणाली, "ह्यो डबो काय सांगतलो रे?" भाचा म्हणाला, आपल्या डोक्यावरच्या हवेत वाफ किती आहे ते सांगणार. काकी हसली आणि पराती उचलल्या.

तर गोष्ट अशी आहे बघा. जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर वरून सिग्नल सोडतात आणि तो खाली येताना आपल्या हवेत जरा रेंगाळतो. किती रेंगाळतो, तर उपग्रह बरोब्बर डोक्यावर असला तरी अंतर सुमारे अडीच मीटर जास्त भरतं, जणू तो तेवढा लांब गेलाय. सर्व्हे करणाऱ्यांना ही कटकट वाटते, ते हा उशीर काढून टाकतात. पण हवामानवाल्यांना नेमका तोच हवा असतो, म्हणजे एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल.

त्यातले 2.3 मीटरच्या आसपास नुसत्या हवेच्या वजनाचे असतात आणि ते दाब मोजला की कळतात. ते वजा केले की उरतो तो वाफेचा उशीर. डिसेंबरात तो दहा-पंधरा सेंटीमीटर, भर पावसाळ्यात 35 सेंटीमीटरच्या वर. आता या सेंटीमीटरचं पाणी करायचं, म्हणजे वरची सगळी वाफ पिळून जमिनीवर ओतली तर किती मिलिमीटर थर होईल ते काढायचं. ढोबळमानाने सहाने भागा, उत्तर आलं. 36 सेंटीमीटर उशीर म्हणजे 60 मिलिमीटर पाणी.

पण ते सहा ठाम नाहीये. सगळी गंमत तिथेच आहे.

वाफ तेवढीच असली तरी थंड हवेतली वाफ सिग्नलला जास्त अडवते, गरम हवेतली कमी. म्हणून वाफ जिथे आहे तिथलं तापमान माहीत पाहिजे, आणि ते आपल्या स्लॅबवरचं नव्हे, पार वरपर्यंतचं, शिवाय जिथे वाफ जास्त तिथल्या तापमानाला जास्त भाव देऊन काढलेली सरासरी. याला भारित सरासरी तापमान म्हणतात. ते मोजायला वर चढणार कोण? हवामान खात्याचे फुगे मुंबईहून आणि पणजीहून सुटतात, तेही फार तर दिवसातून दोनदा, आणि आम्ही मध्येच कुठेतरी. इन्सॅट-3डीआर हा आपला हवामानाचा उपग्रह 2016 पासून वरून बघतोय खरा, पण त्याचं साउंडर नावाचं उपकरण वाफ मोजतं ती इन्फ्रारेडने, आणि इन्फ्रारेडला ढगापलीकडचं दिसत नाही. आमच्याकडे जुलैत ढग नाही असा दिवस दाखवा! जीपीएसला ढगाचं काही पडलेलं नसतं, म्हणून तर एवढा खटाटोप.

1992 साली अमेरिकेत बेविस आणि मंडळींनी सोपी युक्ती काढली. तिथल्या फुग्यांच्या 8,718 नोंदी घेतल्या आणि जमिनीच्या तापमानावरून वरची सरासरी काढायचं सूत्र बसवलं, जमिनीचं तापमान केल्विनमध्ये घ्या (म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवा), 0.72 ने गुणा, 70.2 मिळवा. बस्स. आमचं 27 अंश सेल्सिअस घातलं की वरची सरासरी येते 286 केल्विन, म्हणजे 13 अंश सेल्सिअस. जगभर अजून वापरतात.

मला विचाराल तर कोकणात हे सूत्र थोडं उसनं आणलेल्या चपलेसारखं आहे, चालता येतं पण चावतं. जानेवारीची दुपार घ्या, थर्मामीटर 30 दाखवतोय, खाली खारा वारा, पण वर घाटाकडून येणारी कोरडी हवा, त्यामुळे वाफ सगळी खालीच दाटलेली. आता जुलैत पावसाने उघडीप दिलेली दुपार घ्या, थर्मामीटर तोच 30, पण वाफ कित्येक किलोमीटर उंच चढलेली, थंडगार थरांत. सूत्राला दोन्ही दिवस सारखेच. आणि दुपारी जमीन तापते तेव्हा दोन किलोमीटरवरच्या हवेला त्याचा पत्ताही नसतो, पण सूत्र म्हणतं वरही तापलं.

म्हणून लोक आपापल्या भागाची मॉडेलं बनवतात. भारतासाठी केरळातल्या थुंब्याच्या स्पेस फिजिक्स लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये असं काम छापलं. दुसरा रस्ता जीपीटी3 सारख्या मॉडेलचा (हे गप्पा मारणारं एआय नव्हे, हवेचा दाब-तापमान सांगणारं मॉडेल), त्याला थर्मामीटरच लागत नाही, ठिकाण आणि तारीख सांगा, तो अनेक वर्षांच्या सरासरीवरून आकडा देतो, पण यंदा मिरग कोरडा गेला की ओला हे त्याला काय माहीत? तिसरा रस्ता ईआरए5 चा, युरोपातलं केंद्र जगभरची निरीक्षणं एकत्र करून तासातासाची हवा बांधतं. त्यातून भारित सरासरी काढली तर मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. फक्त त्याचा एकेक चौकोन 27-28 किलोमीटरचा, आणि आमच्याकडे तेवढ्यात अर्धा समुद्र, अर्ध्या आमराया, पुढच्या चौकोनात सह्याद्री उभा.

(पडद्यावर: पत्र्याच्या शेडखाली टांगलेला थर्मामीटर)

आता आमचा घोळ सांगतो. थर्मामीटर मीच टांगला, या पत्र्याखाली. दुपारी 41 दाखवायचा, सावलीत खरं 33. भाचा वैतागला, मग बसून हिशोब केला तर आठ अंशांच्या चुकीने वरच्या सरासरीत सहाएक अंश चुकले आणि पाण्यात दोन टक्के, म्हणजे 50 मिलिमीटरमागे एक. एवढंच? आणि दाबमापक खाली पडवीत, अँटेना वर स्लॅबवर, मधली उंची विसरलो तर अवघ्या आठ-नऊ मीटरने एक हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) चुकतो, त्याचंही पाव-तीन दशांश... थांबा, नीट सांगतो, 0.35 मिलिमीटर पाणी. आठ मजली घर असतं तर दोन्ही चुका जवळजवळ सारख्याच झाल्या असत्या. थर्मामीटर आता उत्तरेच्या भिंतीला आहे.

(पडद्यावर: लॅपटॉपवर ग्राफ, बाहेर पावसाळी उजेड)

जूनच्या सुरुवातीला रेष चढायला लागली, 45, 52, मग 60 च्या पुढे. बाहेर थर्मामीटर उतरत होता आणि वाफ चढत होती. साठ मिलिमीटर म्हणजे पाऊस साठच पडेल असं समजू नका हां, समुद्रावरून वारा नवी वाफ आणतच राहतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, तेवढं पाणी एकाच वेळी डोक्यावर मावत नाही.

फक्त भाचा उपग्रहांच्या अचूक कक्षांची फाइल येईपर्यंत थांबला होता, ती दुसऱ्या दिवशी मिळते. त्यामुळे ग्राफ पूर्ण झाला तेव्हा पागोळ्या गळत होत्या. काकीने मात्र आदल्या संध्याकाळीच पापड आत घेतले होते. बरणी दाखवत म्हणाली, "मिठाक पाणी सुटला, पाऊस येतलो."

भाच्याने ती बरणी पाहिली, मग विचारलं, काकी, हे किती वाजता सुटलं ते सांगशील?