विहीर एक, बियाणं दोन

परभणीत वसमत रोडला एका भाड्याच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी सतरंजी अंथरली जाते. शेतकी शिकणारी चार मुलं-मुली, चहाचा थर्मास, आणि वीस बाजूंचा फासा. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स: प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि गोष्ट फाशावर पुढं न्यायची. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. या खोलीत त्यातले राक्षससुद्धा मराठवाडी बोलतात.

आज घोळ झालाय एका कॅरेक्टर शीटवरून, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरून. पात्र दोन क्लासचं, म्हणजे दोन पेशांचं, आहे: तीन लेव्हल क्लेरिक आणि दोन लेव्हल विझर्ड. देवाची सेवाही करते, पोथीतली विद्याही शिकते. वाटेत हिला फायरबॉल या तिसऱ्या लेव्हलच्या मंत्राचा स्क्रोल, म्हणजे गुंडाळी, सापडलाय. तो तिला आपल्या मंत्रपोथीत उतरवून घ्यायचाय.

"दादा, तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट दिसायलेत की इथं. मग कामून नाही म्हणायलास?"

डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, शीट मांडीवर घेतो. शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्याला समजावायला दूर जावं लागत नाही.

"हे बघ, विहीर एकच हाय. बियाणाच्या पिशव्या दोन हायेत."

मल्टिक्लासचा, म्हणजे एकाहून जास्त क्लास घेण्याचा, सगळा नियम या एका वाक्यात आहे. स्लॉट म्हणजे मंत्र टाकायची ताकद, विहिरीचं पाणी. मंत्र म्हणजे बियाणं. पात्राच्या लेव्हल वेगळ्या, मंत्रांच्या आणि स्लॉटच्या वेगळ्या. क्लेरिकच्या तीन आणि विझर्डच्या दोन, अशा पाच लेव्हल एकत्र मोजायच्या, आणि पाण्याचा हिशेब लागतो: पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. पण कोणते मंत्र प्रिपेअर करायचे, म्हणजे तयार ठेवायचे, हे प्रत्येक क्लासचं वेगळं ठरतं, जणू दुसरा क्लास घेतलाच नाही. २०१४च्या नियमांनुसार हिचं विझ्डम, म्हणजे शहाणपणाचा गुण, १६, म्हणजे अधिक तीन. त्यात क्लेरिकच्या तीन लेव्हल मिळवल्या की सहा मंत्र. इंटेलिजन्स १४, म्हणजे अधिक दोन. त्यात विझर्डच्या दोन लेव्हल, चार मंत्र. डोमेनचे, म्हणजे क्लेरिकच्या दैवी शाखेतून मिळणारे, मंत्र यात धरायचे नाहीत, ते कायम तयारच असतात. आणि क्लेरिकचे मंत्र दुसऱ्या लेव्हलपर्यंत, विझर्डचे फक्त पहिल्या.

पोथीत उतरवायचा मंत्रसुद्धा विझर्ड म्हणून प्रिपेअर करता येईल अशाच लेव्हलचा लागतो. त्यामुळे फायरबॉल राहिला. विहिरीला उसापुरतं पाणी लागलं, पण घरात बेणंच नाही, अशी गत.

२०२४च्या नव्या नियमांत मंत्रांची संख्या थेट क्लासच्या तक्त्यातून घेतात. पिशव्या तरीही दोनच.

मग ते वरचं पाणी वाया जातं का? नाही. मॅजिक मिसाइल पहिल्या लेव्हलचा मंत्र. साध्या स्लॉटमधून तीन बाण सुटतात, तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमधून पाच. पण सगळीच पिकं पाण्यानं फळत नाहीत. हरभऱ्याला पाणी जास्त झालं की तो नुसता माजतो, घाटे धरत नाही. शील्ड या बचावाच्या मंत्राचं तसंच: वरचा स्लॉट घाला, फळ तेवढंच. म्हणून मल्टिक्लास करणाऱ्यानं पिशवी भरताना आधी पाहावं, वाढीव स्लॉटनं वाढणारे मंत्र आपल्याकडे किती आहेत. माझ्या मते या खेळातला सगळ्यात न्याय्य नियम हाच. ताकद एकत्र होते, विद्या मात्र ज्या दारात शिकलात त्या दारातलीच राहते.

वॉरलॉक या आणखी एका मांत्रिक क्लासची गोष्ट निराळी. त्याची स्वतःची बोअर असते. पाणी थोडं, पण शॉर्ट रेस्ट, म्हणजे थोडी विश्रांती, घेतली की पुन्हा भरतं. ते दुसऱ्या क्लासच्या मंत्रांनाही चालतं, पण विहिरीच्या हिशेबात धरत नाहीत.

रात्री साडेनऊ. लढाईत जोडीदार पडला. मृत्यूचे तीन फासे हुकले, गडी गेला. खोलीत कुणी बोलत नाही. तीनशे मोहरांचा हिरा पिशवीत आहे, मिनिट उलटलेलं नाही, तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट शिल्लक आहे. एवढ्यात रिव्हिव्हिफाय, मेलेल्याला उठवणारा मंत्र, झाला असता. पण त्यासाठी क्लेरिकच्या पाच लेव्हल लागतात.

ती शीटकडे बघत राहते. विझर्डपुढच्या २वर बोट ठेवते.

खेळ संपल्यावर डीएम सगळ्यांना एकेक लेव्हल देतो. ती खोडरबर घेते, क्लेरिकपुढचा ३ पुसते आणि तिथं ४ लिहिते. अजून एक लेव्हल बाकी आहे.